घंटा वाजली, मणी गोणपाटावर

"आवं वैनी, काल तुमी घंटा वाजवली तवा मणीनं तोंडातनं सूर काढला न्हाय. ध्यानात आलं का?"

ध्यानात न येऊन सांगते कुणाला! आक्कांकडे जायचं म्हणजे पूर्वी जिन्यातच पदर खोचून घ्यावा लागायचा. घंटेला बोट लागायच्या आत वर असा कल्लोळ उठायचा की खालच्या गोडाऊनमधले हमाल ओझं खांद्यावर तसंच ठेवून माना वर करायचे. दार उघडलं की तांबूस रंगाचं धूड थेट छातीवर, आणि त्याच्या मागून आक्कांचा आवाज, "मणी! आरं सोड की त्यास्नी!" काल मात्र घंटा वाजली, आत फरशीवर नखांची टकटक ऐकू आली, ती दाराकडे यायच्या ऐवजी आतल्या खोलीकडे गेली आणि थांबली.

"आलं की ध्यानात," मी म्हटलं. "मला वाटलं, आजारी आहे."

"आजारी पडू दे दुश्मनाचं कुत्रं!"

शेजारणींनी कुंपणावरून बोलायचं, पण चेन्नईच्या जॉर्ज टाउनात कुंपण कुठून असणार? घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. खाली गोडाऊन, वर बिऱ्हाडं, सगळ्यात वर गच्च्या. आमच्या आणि आक्कांच्या गच्चीत कमरेएवढा कठडा आहे, त्यावर कोपरं टेकली की आमचं चालू. ऊन उतरलं आणि समुद्राकडून वारा सुटला की आक्का वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं वर येतात. कपडे पाच मिनिटांत निघतात. आक्का दिवे लागेपर्यंत निघत नाहीत.

त्या विट्याच्या बाजूच्या. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या सांगलीच्या कोरड्या तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, आणि 1972 च्या दुष्काळानंतर तर त्या वाटेनं आणखी कितीतरी निघाली. कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत गलाईवाला भेटणार आणि तो मराठीत बोलणार. आक्कांच्या यजमानांचं दुकान सौकारपेटेत वीरप्पन स्ट्रीटच्या अंगाला. त्यामुळे आक्कांचं घर म्हणजे विटा-खानापूरची धर्मशाळाच. गावाकडून कुणी तिरुपतीला निघालं की चेन्नईला वळसा घालणार. कुणाच्या वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन इथे, कुणाचा पोरगा कामाला लावायचाय. आणि सगळ्यांना तंबू चेट्टी स्ट्रीटवरचं काळिकांबाळचं देऊळ बघायचं असतं, कारण 3 ऑक्टोबर 1677 ला शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते, असं देवळात सांगतात. हे एकदा कानावर पडलं की मराठी माणसाला राहवत नाही. तो देवीच्या दर्शनाला जातो आणि जेवायला आक्कांकडे येतो.

अशा घरात पाहुण्याच्या अंगावर जाणारं कुत्रं म्हणजे काय प्रकार असेल, विचार करा.

"आमच्या ह्यास्नी राजापालयम पायजे हुता," आक्का म्हणाल्या. "पांढराफेक, गुलाबी नाकाचा. कुणा शेठकडं बगून आलं हुतं. माझा भाऊ म्हणाला, न्हाय, आपल्या बाजूचा मुधोळ घ्या. दोघांची ह्यावरनं फोनवर हमरीतुमरी."

दोन्ही जाती तालेवार. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत राजापालयमही आहे आणि मुधोळही. पण राजापालयम राखणीचा, अनोळखी माणसाला सहजासहजी जवळ न करणारा. मुधोळ शिकारी, त्याला पळायला माळरान हवं. मिंट स्ट्रीटच्या गर्दीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, रोज नवा पाहुणा? आक्कांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि दुकानाच्या पायरीवर पावसात कुडकुडणारं पिल्लू पदराखाली घालून घरी आणलं. तमिळ घरात कुत्र्याचं नाव मणी, जसं आपल्याकडे मोती. दुकानातल्या पोरांनी आधीच तसं हाक मारायला सुरुवात केली होती, तेच राहिलं.

मणीच्या डाव्या कानाला खाच आहे. गावाकडचा प्रत्येक पाहुणा हळहळतो, "कुणी तोडला ओ बिचाऱ्याचा कान?" कुणी तोडलेला नाही. नसबंदी झाली की ओळखू यावं म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला तशी खाच देतात. ब्लू क्रॉस ही संस्था याच शहरात 1959 साली निघाली, त्यामुळे इथल्या लोकांना खाचेचा अर्थ कळतो. गावाकडून येणाऱ्यांना समजावून सांगावं लागतं. आक्का आता समजावत नाहीत. "भांडणात गेला," म्हणून मोकळ्या होतात. पाहुणा आपोआप दोन पावलं मागं सरकतो.

सासूबाईंचं वेगळंच. कुत्रं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येतं म्हणून त्यांनी पहिले काही दिवस जेवण सोडलं होतं. आक्का काही बोलल्या नाहीत. देवघरातला खंडोबाचा टाक काढून त्यांनी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि घोड्याच्या पायाशी काय आहे ते बोटानं दाखवलं. त्या रात्री सासूबाई जेवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मणीला चपातीचा पहिला तुकडा त्यांच्या हातून.

"पर आक्का, हे झालं कसं? एवढा शांत?"

"डॉक्टरीणबाईनं डोळं उघडलं. लशीला नेलं हुतं. म्या म्हटलं, बाई, ह्याला काय तरी औषध द्या, पावणं बगितलं की येडा हुतो. ती म्हणती, औषध ऱ्हाऊ द्या, आधी त्याचा हिशेब समजून घ्या."

आणि आक्कांनी तो हिशेब मला समजावून सांगितला, बोटांवर मोजत.

"त्याच्या डोक्यानं बगा. कॅनवाला तंबी येतो. मणी भुंकतो. तंबी पाण्याचा कॅन ठेवतो आन् जातो. कुरेरवाला येतो, मणी भुंकतो, त्यो बी जातो. ईबीचा मीटरवाला दोन म्हयन्यानं येतो, आकडा लिवतो, जातो. एक बी माणूस ठरत न्हाय. मंग त्याला काय वाटंल? म्या भुंकलो म्हणून गेला! रोज जिततंय बगा त्ये, रोज. आन् आपुण काय करतो? मागनं 'मणी, मणी' करून वरडतो. त्याला वाटतं, घरातली समदी माझ्या जोडीनं भुंकाय लागली."

मी एवढी हसले की पलीकडच्या गच्चीवरच्या माणसानं मोबाइलमधून मान वर काढली. पण विचार केला तर खरं आहे. ज्याचा रोज विजय होतो तो लढाई कशाला सोडेल? आणि घंटा त्या लढाईचं शिंग. पुढे कुणी आलेलं दिसायचीसुद्धा गरज नाही, नुसत्या आवाजावर रक्त तापतं. पावलोवचं नाव निघालं की सगळ्यांना घंटाच आठवते. त्याच्या प्रयोगशाळेत टकटक करणारा मेट्रोनोमही असायचा, आणि 1904 चं नोबेल त्याला मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. पण आवाज आणि पुढे येणारी गोष्ट यांची गाठ कुत्र्याच्या डोक्यात कशी बसते, ते त्यानंच दाखवलं. आक्कांना पावलोव माहीत नाही. त्यांनी ती गाठ सोडवून दुसरीकडे बांधली, एवढंच.

"भुंकू नगं, ह्ये कुत्र्याला कळत न्हाय," आक्का म्हणाल्या. "काय करायचं न्हाय ते सांगून त्ये काय करणार? काय करायचं त्ये सांगाय पायजे. घंटा वाजली की तुझं काम दाराकडं न्हाय. तुझं काम गोणपाटावर."

मला विचाराल तर सगळी मेख इथे आहे. बाकीचं नुसतं सावकाश करणं.

गोणपाट खालच्या गोडाऊनमधलं, तूरडाळीचं. घडी घालून आतल्या खोलीच्या कोपऱ्यात अंथरलं, जिथून दार दिसतं पण दारापर्यंत एका उडीत पोचता येत नाही. सुरुवातीला घंटा नाही, पाहुणा नाही, काही नाही. मणी आपण होऊन त्यावर गेला की पनीरचा तुकडा. पनीर का, तर घरमालक जैन. घरात अंडंसुद्धा आणायचं नाही ही अट बिऱ्हाड घेतानाच घातलेली. मोबाइलवर जे शिकवणारे असतात ते सगळे उकडलेली कोंबडी घेऊन बसलेले. सौकारपेटेत ते कसं जमणार? मणी पनीरवर शिकला. उकडलेला बटाटा आणि बिनमिठाचे उकडलेले हरभरेही चालले. आक्कांच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी एक चिमुकली स्टीलची डबी असते, हरभऱ्याएवढे तुकडे केलेली. आधी मला वाटलं, मिश्रीची असेल.

तुकडा कधी द्यायचा यात खरी हुशारी. आक्कांनी मला खाली नेऊन दाखवलं. मणी गोणपाटावर बसला होता, पुढचे पाय सरळ, मागचे पाय पोटाखाली, कान टवकारलेले. "ह्ये बसणं न्हाय, ही उडी मारायची तयारी हाय," आक्का कुजबुजल्या. हात डबीकडे गेलाच नाही. थोड्या वेळानं मणीची मागची बाजू एका अंगाला कलली, मांडी फरशीवर सैल पडली, मग हनुवटी पंजांवर आली आणि नाकातून एक लांब सुस्कारा. तेव्हा कुठे दोन पंजांच्या मधोमध पनीर पडलं. हवेत नाही, हातातून नाही, जमिनीवर. वर बघत उडी मारून घ्यायची सवय लागायलाच नको.

त्यानंतर घंटा. तीही मोबाइलवर भरून घेतलेली, अगदी बारीक आवाजात. आवाज आला की गोणपाट, गोणपाट की पनीर. मग थोडा मोठा आवाज. मग खरी घंटा, दार न उघडता. मग दार उघडलं, पण बाहेर कुणीच नाही. मग आक्कांचा मुलगा बाहेर जाऊन पाहुण्यासारखा आत आला, पायात बूट, हातात पिशवी, चेहऱ्यावर अगदी गावाकडच्या मामाचा भाव. मणीनं त्याला ओळखलं आणि तरी भुंकला, कारण बूट. मग परत एक पायरी खाली.

"घाई केली की बिघडलं," आक्का म्हणाल्या. "आमच्या दुकानात मूस असती न्हवं, सोनं गाळायची? ती गार हाय तवर एकदम भट्टीत घातली तर तडकती. आधी कडंला शेकायची, मंग हळूहळू आत. ह्याचं बी तसंच."

दुकानाचं नाव निघालं म्हणून सांगते. मणीला तिथे आता पाऊल टाकू देत नाहीत. शुद्धीकरणाला तेजाब लागतं, त्याची वाफ माणसाला सोसत नाही तिथे हुंगण्यावर जगणाऱ्या जनावराचं काय. पायरीवर सापडलेला असला तरी.

मुलानंतर पाहुणा म्हणून माझा नंबर लागला. मला आधी सूचना, त्याही कठड्यावरूनच. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही, वाकायचं तर मुळीच नाही. सरळ येऊन खुर्चीत बसायचं. आणि मी बसेपर्यंत मणी आतल्या खोलीत, साखळी मुलाच्या हातात. याला कारण आमचे जिने. वर येणारा माणूस अंधारातून, खालून, डोकं आधी दिसतं मग धड. वर दारात उभा असलेला कुत्रा त्याला डोंगराएवढा दिसतो, आणि कुत्र्याला तो जमिनीतून उगवल्यासारखा. दोघंही दचकणार. बसलेला माणूस कुत्र्याला फारसा धोक्याचा वाटत नाही, आणि बसलेल्या माणसालाही कुत्र्याची उंची कमी वाटते, असा माझा अनुभव.

मी बसले आणि भिंतीवरच्या सराफाच्या कॅलेंडरवरची तमिळ अक्षरं वाचत राहिले. मणी आला. आधी चपलेचा अंगठा, मग टाच, मग साडीचा काठ, सगळं सविस्तर हुंगून झालं. मग त्यानं पंजा उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. माझा हात त्याच्या डोक्याकडे निघालाच होता, पण आक्कांचे डोळे! मी तोंड फिरवलं. पंजा खाली गेला. चारी पाय जमिनीवर टेकले तशी आक्कांनी मान हलवली, आणि मग मी त्याच्या छातीखाली खाजवलं. माझ्यावर असली कडक नजर मॅट्रिकच्या परीक्षेनंतर कुणी ठेवली नव्हती.

यात एक गोम आहे आणि ती बहुतेकांना पटत नाही. अंगावर आलेल्या कुत्र्याला ढकललं, ओरडलं, तरी त्याला ते हवंच असतं. हात लागला, आवाज आला, माणसानं लक्ष दिलं, आणखी काय पाहिजे? म्हणून तोंड फिरवायचं. पण नऊ जणांनी तोंड फिरवलं आणि दहाव्यानं "ये रे माझ्या राजा" करून छातीवर घेतलं की झालं. कुत्रं त्या दहाव्याच्या आशेवर पुढच्या सगळ्यांवर उड्या मारणार. असला दहावा प्रत्येक घरात एक असतो. आक्कांच्या घरी ते धाकटे दीर.

"भावजी आलं की समदं पाण्यात," आक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या. "दारातच मांडीवर थाप मारत्यात, 'ये, ये, ये वाघ्या' म्हणून. त्याचं नाव मणी हाय ह्ये बी ध्यानात ऱ्हात न्हाय. म्या म्हटलं, भावजी, तुमच्या पाया पडते, हात खाली ठेवा. तर म्हणत्यात, 'मला चालतं वैनी, कुत्र्यांची मला लई आवड.' तुमाला चालतं हो, पर उद्याच्याला मोतीबिंदू काढलेली म्हातारी जिन्यावरनं आली तर?"

दीरांची गाऱ्हाणी पुढे बरीच झाली. त्यातली कुत्र्याशी संबंध नसलेली मी इथे सांगत नाही.

समोरच्या बाजूला राहणाऱ्या एकांचा सल्ला वेगळा. वर्तमानपत्राची सुरळी करायची आणि गुरगुरला की नाकावर द्यायची, दोन दिवसांत सरळ. आक्कांनी त्यांना चहा पाजून पाठवून दिलं. नंतर मला म्हणाल्या, "गुरगुरतो म्हंजे सांगतो की बाबा, लांब ऱ्हा. त्ये सांगणंच मारून बंद केलं तर एक दिस न सांगता चावंल." डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुणा शिकवल्या आहेत. झोप आलेली नसताना जांभई, समोर खायला नसताना जिभल्या चाटणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली. आणि शेपूट हलते म्हणजे खूश, हे दर वेळी खरं नाही. ताठ वर धरून तुरुतुरु हलणारी शेपूट बघितली की आक्का पाहुण्याला नव्हे, मणीला तिथून हलवतात. लहान पोरं आली असतील तर मणी पोरांबरोबर एकटा कधीच नाही, अगदी गोणपाटावर झोपलेला असला तरी नाही. याबाबतीत त्यांचं मला फार पटतं. 2024 च्या मे महिन्यात नुंगंबाक्कमच्या बागेत दोन रॉटवायलर कुत्र्यांनी पाच वर्षांच्या मुलीला फाडलं, तेव्हापासून या शहरात कुत्रा पाळणाऱ्याकडे लोक जरा बारीक नजरेनं बघतात, आणि बघावंच. आक्कांनी कॉर्पोरेशनचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा दाखला प्लास्टिकच्या पाकिटात घालून दारामागे टांगून ठेवलाय. आधार कार्डं कुठे आहेत ते मात्र घरात कुणालाच माहीत नाही.

"आन् पुरट्टासीतल्या छत्र्या?" मी विचारलं. मलाही आता आक्कांसारखं बोलायची सवय लागली आहे.

पुरट्टासी महिन्यात तिरुपतीच्या ब्रह्मोत्सवासाठी आमच्या चेन्नकेशव पेरुमाळच्या देवळातून मोठ्या छत्र्यांची मिरवणूक निघते. ढोल, नादस्वरम, हजारो माणसं, गल्ल्या तुडुंब. त्या दिवशी मणी पलंगाखाली. लाळ गळते, अंग थरथरतं, पनीरकडे ढुंकूनही बघत नाही.

"त्या दिशी गोणपाट-बिणपाट काय न्हाय," आक्का म्हणाल्या. "त्ये भ्या हाय, मस्ती न्हवं. खिडक्या लावून घेते, पंखा मोठा करते, आन् सासूबाई त्याच्या शेजारी जपमाळ घिऊन बसत्यात. खात न्हाय म्हंजे त्याच्या डोक्यात काय शिरणार बी न्हाय."

आणि पाहुणे यायच्या दिवशी सकाळी फिरवणं चुकवायचं नाही. तेही उजाडायच्या आधी, मिंट स्ट्रीटवर हातगाड्या लागायच्या आत, रस्ता तापायच्या आत. ओढत न्यायचं नाही. त्याला हवा तेवढा वेळ प्रत्येक खांब हुंगू द्यायचा. हुंगून दमलेलं कुत्रं पळून दमलेल्यापेक्षा निवांत असतं, असं आक्का म्हणतात. पाहुणा आल्यावर मणी फारच चुळबुळला तर त्या मूठभर चुरमुरे गोणपाटावर फेकतात. नाक खाली गेलं की भुंकणं बंद. नाकाला काम असलं की तोंडाला सुचत नाही. माणसांसाठी असलं काही निघालं तर मी आधी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला देईन.

आता खरी परीक्षा गोलूची. आक्कांच्या खालच्या मजल्यावर तंजावरकडच्या मामी राहतात. त्यांच्या घरात अजून तंजावरी मराठी बोलतात, आक्कांना ती निम्मी समजते आणि उरलेली निम्मी दोघी तमिळमध्ये पूर्ण करतात. नवरात्रात मामींकडे सात पायऱ्यांवर बाहुल्यांचा गोलू, नऊ दिवस संध्याकाळी बायकांची रीघ, आणि त्यातल्या अर्ध्या "वरच्या मराठी मामींकडे" हळदीकुंकवाला चढणार. पट्टू साड्या, पैंजण घातलेल्या पोरी, हातात सुंडलच्या उसळीचे द्रोण. कुत्र्यानं डोकं शाबूत ठेवायचं म्हणजे जरा जास्तच.

गेल्या नवरात्रात मणी मामींच्या दारात गेला आणि तंजावरची मान हलवणारी बाहुली बघून जो भुंकला! पंख्याचा वारा लागला की ती बाहुली डोलायची, ती डोलली की हा भुंकायचा, आणि बाहुली काही जायला तयार नाही. आयुष्यात पहिल्यांदा भुंकूनही कुणी गेलं नाही. मामींनी शेवटी पंखा बंद केला. बायका घामानं निथळत बसल्या, पण बाहुली राहिली.

"यंदा बायका चढायच्या आधी म्या खाली निरोप दिलाय," आक्का म्हणाल्या. "घंटा वाजवा, पर एकदाच. हात लावू नका. आन् त्याला काय बी खायला घालू नका."

हे शेवटचं मीही खाली सांगितलं. सुंडलमधली मिरची-फोडणी त्याच्या पोटाला नको, हे लोकांना कळतं. सक्करै पोंगलच्या गोड भातातला मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतो, हे कळत नाही. देवाचा प्रसाद, नको कसं म्हणायचं, म्हणून माणसं प्रेमानं भरवतात. मामींनी यंदा पोंगलात मनुकेच घालायचे नाहीत असं ठरवलंय. बाई मोठ्या मनाची. मी असते तर कुत्र्यासाठी मनुके सोडले असते की नाही, सांगता येत नाही.

पलीकडच्या गल्लीतल्या शेठकडे मात्र हस्की आहे. बर्फातलं कुत्रं, जॉर्ज टाउनात! त्याच्यासाठी दिवसभर एसी चालू, विजेचं बिल ऐकून आक्कांनी पदर तोंडाला लावला. शिकवायला माणूस ठेवलाय, रविवारचा येतो. कुत्रं त्या माणसापुढे पुतळ्यासारखं बसतं. माणूस गेला की पाहुण्यांच्या डोक्यावरून उड्या.

"मंग? शिकवायचं समद्या घरानं आस्तंय," आक्का म्हणाल्या. "आमच्यात बी आधी काय हुतं? म्या म्हणायची 'बस', पोरगं म्हणायचं 'सिट', दुकानातली पोरं म्हणायची 'उक्कारु'. त्येनं कुणाचं ऐकायचं? आता समद्यांचा एकच शबुद, 'जाग्यावर'. सासूबाईनी बी धरला."

खाली कुकरची शिट्टी झाली. आक्कांनी कपड्यांचा भारा काखेत मारला आणि तरी निघाल्या नाहीत.

"शुक्रवारी भावजी येत्यात," त्या म्हणाल्या. "अमावास्येच्या आधी काळिकांबाळला जायचंय म्हणं. दोन दिस ऱ्हाणार."

"अहो, मग त्यांनाच जरा शिकवा ना. मणी शिकला, ते नाही शिकणार?"

"सासूबाईस्नी चाळीस वर्सांत जमलं न्हाय, त्ये मला जमणार व्हय? मी बगा, मणीला आतच ठेवणार. आन् भावजी जेवाय बसलं की मंग सोडणार. भाकरी आन् रस्सा पुढं असला की त्यांचे दोनी हात ताटात असत्यात."